मीटरखालचा हत्ती

चितेरा ओळीतला गेंदालाल सायकलला डबे टांगून आला.
"बाईजी, हाथी बनाएँ कि मोर?"
"दोन्ही काढ," आई म्हणाली. "लग्न काय रोज असतं?"

हत्ती झाला, अंबारी झाली, आत नवरा,
भावजींना कधी नव्हत्या तसल्या मिशांचा.
वर नाव घातलं: चि. सौ. कां. शलाका पिंगळे.
त्यातला ळ त्याला लिहिता येईना;
त्यानं तो काढला,
मोरपिसातला डोळा काढावा तसा.

मग वीजमंडळानं मीटर ठोकलं, नेमकं हत्तीच्या तोंडावर.
गेंदालाल जाता जाता थांबला, हसला,
मीटरखालून नवी सोंड सोडली
आणि लोंबती वायर तिच्यात दिली, उसासारखी.
तेव्हापासून कुरियरवाल्याला पत्ता:
लश्कर, बिजली खानेवाले हाथी का मकान.

ताई वर्षाच्या आत परत आली.
ओल्या फडक्यानं नवरा तेवढा पुसला तिनं;
रिकाम्या अंबारीत गल्लीतल्या पोरांनी
हेल्मेटवाला बॅट्समन बसवलाय.

दिवाळीआधी चुनेवाला विचारतो, "पूरी दीवार?"
आम्ही गप्प.
ताई आतूनच ओरडते, "वो ळ छोड़के!"
"कौन-सा ल?"
तो विचारतो, दरसाल.