बस

पहिल्याच दिवशी खुडे म्हणाले,
बाई, आधी तुम्ही गप्प राहायला शिका.
एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला
असं कुणी म्हटलं नव्हतं.

तळजईच्या पठारावर, सकाळी सव्वासहाला,
ग्लिरिसिडियाच्या वाळक्या पाचोळ्यात
मी, खुडे आणि फुटाणा.
पद्मावतीच्या थांब्यामागे सापडलेला,
एक कान उभा, एक पडका.

खुडे लष्करात होते. कुत्र्यांकडे.
विचारलं तर एवढंच सांगतात.
हातात शिट्टी नाही, काठी नाही,
खिशात सुकटीची डबी.
तुमच्यात चालत नसेल तर पनीर घ्या, म्हणाले,
पण मग तो पनीराएवढंच ऐकेल.
आता माझ्या फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे
डब्यात डबा, त्यात डबा, त्यात सुकट.
सोमवारी येणारी नणंद
अजून काही बोललेली नाही.
खिडक्या मात्र आल्या आल्या उघडते.

मी म्हणायचे, बस.
बस ना रे. बस म्हटलं ना! अरे बस की!
खुडे म्हणाले, हे चार निराळे शब्द झाले.
त्याला व्याकरण नाही.
त्याला तुमचा सूर आहे, तुमचा खांदा आहे,
चपलेचं टोक कुठं वळलंय ते आहे.
तुम्ही 'ये' म्हणता आणि अंगावर वाकता.
वाकणं म्हणजे त्याच्या लेखी 'तिथंच थांब'.
म्हणजे मी एका वेळी दोन प्रश्नपत्रिका वाटत होते
आणि कुठलीही सोडवली तरी
नापास करत होते.

त्याचा नकाशाही वेगळा.
दगडाच्या या अंगाला काल रात्रीची गोष्ट,
त्या अंगाला आज पहाटेची,
आणि मध्ये कुणीतरी येऊन खोडून गेलेलं.
उत्तर दिशा वर नसते त्यात,
वारा येतो तिकडे असते.
मी दोरी सैल सोडून उभी राहते.
वाचणाऱ्याला ओढू नये,
एवढं मला आधीही ठाऊक होतं.

एका रविवारी मी पेपरची गुंडाळी केली.
माशीसाठी.
फुटाणा पलंगाखाली, थेट भिंतीपर्यंत,
आणि फरशीवर ओल.
फोनवर खुडे म्हणाले, बाहेर ओढू नका.
खाली आडव्या व्हा. पाठ त्याच्याकडे.
बघूही नका.
त्रेसष्टाव्या वर्षी मी फरशीवर पडले,
पलंगाच्या पायापाशी, बांगडीला जळमट.
वेळ जाईना.

मग अंबादास घोगरे आठवला. सातवी ब.
फळ्यापाशी बोलावलं की
मी पट्टी उचलायच्या आधीच त्याचं कोपर
तोंडावर आलेलं असायचं.
कर्कवृत्त त्याला कधीच सापडलं नाही.
प्रगतिपुस्तकात मी निळ्या शाईत लिहिलं होतं,
'लक्ष नसते.'
होतं की.
सगळंच्या सगळं लक्ष होतं,
फक्त पट्टीवर.
हे कळायला मला फरशीवर पडावं लागलं.

चारच्या सुमाराला
माझ्या कोपराला ओलं नाक लागलं.
मी हलले नाही. खुड्यांनी सांगितलं होतं म्हणून,
आणि तशीही हलू शकले नसते.

आता तो बसतो. एका शब्दात.
पंचाईत एवढीच, की पद्मावतीच्या थांब्यावर
कुणीतरी ओरडतं, "अगं चल, बस! बस आली!"
आणि पिशव्या, छत्र्या, धावणाऱ्या चपलांच्या मधोमध
फुटाणा बसतो.
ताठ. एक कान उभा.
एकेकाच्या हाताकडे बघत.
बस निघून जाते. कुणीच काही देत नाही.

मी खिशात हात घालते.
खुडे म्हणतात, असं करू नका,
शब्द तुमचा नव्हता, बिघडेल तो.

बिघडू दे.