पनवती, दोन खर्रे

तांडापेठेच्या कोपऱ्यावर माझा पानठेला.
उधारीच्या वहीत एक नाव: पनवती.
पनवती, दोन खर्रे.
पनवती, एक खर्रा, चुना जास्त.
अकरा वर्षांत तीन वह्या भरल्या,
कोणी विचारलं नाही, हे कोणाचं आडनाव.

सुरुवात कशी झाली धड आठवत नाही.
कॅरमची राणी भोकाच्या तोंडाशी अडली
तेव्हा तो मागे उभा होता,
किंवा लाईन गेली तेव्हा.
उन्हाळ्यात लाईन रोजच जाते,
पण त्या दिवशी तो उभा होता.

मॅच असली की स्वतःच रस्ता ओलांडायचा,
डीपीपाशी थांबायचा, टीव्हीकडे पाठ करून.
"सांगजो बे, काय झालं ते."
हरलो तर पोरं म्हणायची,
यानं कान दिला असन.

पत्रिका पाहणारे टेंभेकाका
साधं पान तोंडात धरून एकदा बोलले:
पनवती म्हणजे शनीचा फेरा, बाबू.
अडीच वर्षं, नाहीतर साडेसात.
कधी सोन्याच्या पायानं येते, कधी लोखंडाच्या,
पण येते ती जाते.
काळाचं नाव आहे ते.
मी सुपारी कातरत मनात वजाबाकी केली.
अकरातून साडेसात गेले,
साडेतीन आम्ही लावलेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
खोकला घेऊन जा, महागाई घेऊन जा,
गर्दी बेंबीच्या देठापासून ओरडत होती.
माझ्याच ठेल्यावरचं एक पोरगं खांद्यावर चढलं:
"पनवतीले घेऊन जा गे मारबत!"
सगळे वळून हसले. मीही.
तोही हसला,
मग दोन्ही हात वर करून
सगळ्यांहून मोठ्यानं ओरडला:
घेऊन जा गे मारबत!
मारबत पुढे गेली.
तो गुलाल झटकत तिथंच.

काल मागचे पैसे द्यायला आला.
मी नवी वही काढली.
"पूर्ण नाव सांग गा."
त्यानं मागे वळून पाहिलं,
मागे कोणी नव्हतं.
"हेमराज," म्हणाला. थांबला. "धकाते."

आणि लाईन गेली.

आख्खी गल्ली "अरेऽ" म्हणाली.
आम्ही दोघं काहीच नाही.
मग मोबाईलचा उजेड त्यानंच धरला वहीवर,
हात जरा हलत होता,
क ला काना देऊन होईपर्यंत.