त्रेचाळीस मिनिटं

दाल्काउएच्या धक्क्यालगत, दोरखंड आणि बोटींचे सुटे भाग विकणाऱ्या
आर्तेमियो बार्रियाच्या दुकानात
मी सकाळपासून खोकी उघडतोय. नऊ टेबलं, नऊ फोन.
थर्मोकोलचा चुरा चुलीकडे उडतो,
आणि सेन्योरा एर्मेलिंदा म्हणतात,
आधी झाडू घे, मग प्रगती कर.

भिंतीला भोक पाडलं. लाकूड शंभर वर्षांचं,
ड्रिलच्या टोकाला तांबूस भुसा, त्याला अजून वास.
निळी वायर खिडकीखालून, वजनकाट्यामागून,
नायलॉनच्या रिळांना वळसा घालून
नवव्या टेबलापर्यंत नेली. दीड मीटर कमी पडली.
पुन्हा नेली.
बोलणं आणि वीज, दोन्ही हिच्यातूनच जातात, मी सांगतो.
बाई मान हलवतात, माशाचा भाव ऐकून हलवावी तशी:
ऐकलं, पण पटलं नाही.

फोन जागा झाला की आधी स्वतःचं नाव मागतो,
मग पासवर्ड, मग सर्व्हर. सर्व्हर सान्तियागोला,
बाराशे किलोमीटर उत्तरेला.
त्यानंतर दर पाच मिनिटांनी हा तिकडे कळवतो: मी आहे.
कुणी विचारो न विचारो. मी आहे.
गिऱ्हाइकाला हे मी सांगत नाही,
पण परगावच्या लॉजवर रात्री झोप येईना
की मला या पाच मिनिटांचं बरं वाटतं.

एकशे एक मालक. एकशे दोन हिशेब, म्हणजे रोसाउरा,
जी तिसऱ्या घंटेआधी उचलत नाही, तत्त्व म्हणून.
एकशे पाच गोदाम. तिथं कुणी नसतं, मांजर असते.
मी गोदामातून एकशे एक लावला,
रिसीव्हर पोत्यावर ठेवला, धावत आलो,
आणि मालकाच्या खुर्चीत बसून, धापा टाकत,
किंचित उशिरा पोचणारी
मांजरीची घुरघुर ऐकली. आवाज स्वच्छ.

स्वागताचा संदेश बाईंच्याच आवाजात भरायचा होता.
विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन.
त्यांनी वाचलं, कागद उलटा ठेवला आणि वर जोडलं:
बाकीच्यांनी थांबा, मी येतेय.
मी ते पुसलं नाही.

त्यांच्या टेबलावरचा जुना फोन, करडा,
रिसीव्हरवर गालाएवढी गुळगुळीत झीज.
मेउलिनहून, केनाकहून कुणी फोन केला
तर नावाआधी खोकल्यावरून ओळखतात.
महिनाअखेर कंपनी ती तांब्याची तार कापणार.

लाइट गेली तर तुझा वाजेल?
बॅटरी आहे, चाळीस मिनिटं.
आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला?

मी उत्तर शोधत राहिलो. त्यांनी चुलीत लाकूड सारलं.
एकदा वाऱ्यानं खांब पाडले, म्हणाल्या, तीन दिवस अंधार.
हा आपली वीज तारेतून आपणच आणायचा.
दुसऱ्या रात्री वाजला. केनाकहून कुणी विचारत होतं,
पाण्याच्या पंपाचं रबर आहे का.
नव्हतं. पण विचारता आलं त्याला.

मग त्या उठल्या आणि भिंतीतला प्लग उपटला.
घड्याळ काढून टेबलावर ठेवलं,
मातेचा पेला माझ्याकडे सरकवला. बस.

बसलो. नऊ पडदे निळे.
रोसाउरा घरी गेली, मालकानं डोकावून पाहिलं
आणि काही न विचारता दार लोटलं.
चाळीस झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी घड्याळाकडे.
मग एकदम, सगळे.

त्रेचाळीस, त्या म्हणाल्या. तीन तुझ्या बाजूनं लिहिते.

अंधारात हात न चाचपता जुन्याकडे गेला.
रिसीव्हर कानाला लावला, क्षणभर ऐकलं,
मग माझ्या कानाला लावला.
लांबलचक, सपाट, एकसुरी टोन.
महिनाअखेरीला अजून अकरा दिवस होते.