डाळिंब

तिबिलिसीत टपाल कचेरीला
नवा उतार बांधलाय, घसरगुंडीसारखा.
लामारा त्यावर डाळिंब सोडते.
ते सुसाट जातं,
समोर पाववाल्याच्या भिंतीवर फुटतं.

चार भले पुरुष धावतात, बाह्या सरसावत:
"उचलतो की, बाई!"
"चौघांनी उचलायची
माझी वेळ अजून आलेली नाही."
ब्रेक लावते. पिशवीतून दुसरं काढते.
मग तिसरं.
साहेबांच्या बुटांना दाणे चिकटेपर्यंत.

आता उतार लांब आहे, आळशी, दोन वळणांचा.
डाळिंब मध्येच थांबतं.
लामारा ते मांडीवर घेते, चाकं ढकलत वर जाते.
खुर्ची शेंदरी रंगवलीय तिनं,
लांबून दिसावी म्हणून.
मागून बाबागाडी,
मागून गुडघा धरलेला झुराब.

पत्र कुणाला?
ते विचारू नका.
खासगी आहे.