डावा हात

कुडचड्यात, स्टेशनच्या मागल्या बाजूला,
कायतानच्या दुकानात मी तिसऱ्यांदा गेले
तेव्हा तो हसला नाही. शटर अर्धं ओढून म्हणाला,
"आज ठरव गो. धांपिल्लें काय उक्तें?"
बंद पेटी की भोकाची,
एवढंच विचारत होता माणूस.

बारा इंची सबवूफर काउंटरवर उताणा,
जेवणाच्या ताटाएवढा, काळा.
पेटीशिवाय तो नुसता फडफडतो:
पुढून लोटलेला वारा
मागचा वारा खाऊन टाकतो,
ऐकणाऱ्याच्या वाट्याला काही येत नाही.

बंद पेटी एक घनफूट. चहूकडून सील.
आतली हवाच स्प्रिंग.
कोन बाहेर गेला की ओढते, आत आला की लोटते.
ठोका पडतो आणि संपतो,
मागे शेपूट नाही.
डिकीत जागा उरते डब्याला, छत्रीला,
वेर्ण्याच्या कारखान्यातल्या माझ्या पांढऱ्या कोटाला.

पोर्टवालीचं पोट दुप्पट. अंगात चार इंची नळी.
मागचा वारा वळसा घालून तिथून निघतो
पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत.
तेवढ्याच वॉटमध्ये अख्खा वाडा जागा.
"पण चौतीस हर्ट्झच्या खाली नेलंस," कायतान म्हणाला,
"तर हवेचा धरलेला हात सुटतो,
मग कोन म्हणजे दावं तुटलेला रेडा."

झिलू च्यारी अठरा एमएमचा प्लाय भिंतीला टेकवून बसलेला.
"एमडीएफ सांगू नकोस. आपल्या हवेत तो
चहात बुडवलेल्या पावासारखा फुगतो."
नळीचं काम दीड दिवसाचं,
पैसेही दीड दिवसाचे.

रात्रपाळी संपवून पहाटे चांदर ओलांडताना
डोळे मिटतात, म्हणून हवाय आवाज,
असं मी त्यांना सांगितलं होतं.
बाबांचं नव्हतं सांगितलं.

बाबा तीस वर्षं खाणीवर. सुरुंगाच्या अंगाला.
आता कुकरची शिटी कळत नाही,
माझी हाक त्यांना ओठांवर वाचावी लागते.
फक्त रुळांवर काही आलं
की भाताचा घास हातात धरून थांबतात:
"मालगाडी. भरलेली."
पायांतून चढतं ते.

चौथ्या खेपेला त्यांनाच घेऊन गेले.
कायतानने नमुन्याच्या दोन पेट्या जोडल्या.
बंद पेटीवर त्यांनी तळहात ठेवला.
"कुणीतरी दार ठोठावतंय," म्हणाले. बरं वाटलं त्यांना. इतकंच.

दुसरीच्या नळीतून वारा आला,
मनगटावरचे पांढरे केस हलले,
आणि त्यांचा डावा हात
कुणी न सांगता उठून तोंडावर गेला.

चवथीच्या आरतीला घुमट वाजवायचे ते.
मातीचं मडकं, एक तोंड चामड्यानं मढवलेलं, दुसरं मोकळं.
उजवा हात वाजवतो, सगळे त्याच्याकडे बघतात.
वारा किती सोडायचा ते डावा ठरवतो.

झाकलं, सोडलं. अर्धं झाकलं.
पेटीचा आवाज बदलत गेला.
झिलूनं तोंडातली विडी काढली.
कायतान एरवी गिऱ्हाइकाला हात लावू देत नाही.
"चामडं शेळीचं दिसतंय," बाबा म्हणाले,
"घोरपडीचं असं बोलत नसे."

तर भोक ठेवलं.
आता डिकीत दुसरं काही मावत नाही,
डबा शेजारच्या सीटवर बेल्ट लावून येतो.
कामावर जाताना नळीत मी बाबांचा जुना पायमोजा कोंबते,
तेवढ्यापुरती ती बंद पेटी होते,
जवळजवळ.

रविवारी मोजा काढते.
बाबा मागच्या सीटवर पाठ घट्ट टेकून,
डोळे मिटून, गुडघ्यावर बोटं.
सावर्ड्याचा पूल येईपर्यंत गप्प असतात,
मग ओरडतात, न ऐकू येणारे ओरडतात तसे:
"ठेका मागे पडतोय गो!"

पडतोच आहे. केसभर.
बंद पेटीत पडला नसता.
कायतानने सांगितलं होतं.