एकास चोवीस

बकीच्या बंदरामागे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर
इनिस स्लेटर फळी वाफवतो किटलीवर.
लार्चची, करंगळीच्या नखाएवढी रुंद.
वाकते आहे तोवर टाचण्या मारायच्या.

एवढे बारीक खिळे दुकानात मिळत नाहीत,
तांब्याची तार तोडतो, तुकडे ओठांत धरतो.

खरी बोट सरकारने पैसे मोजून फोडली.
जेसीबीला अर्धा तासही लागला नाही,
हे तो तारेआडून, पुटपुटत.

मी विचारलं, डेकवर माणसं?
म्हणाला, प्रमाणात बसत नाहीत.

मग चष्मा पुसून
सुकाणूच्या खोलीत, दाराच्या आतल्या अंगाला
एक खुंटी चिकटवली,
भावाच्या ओल्या कोटासाठी.
छप्पर बसलं की दिसायची नाही.

गोंद वाळेस्तोवर चहा घेतला असता;
पण किटली
अजून कामावर होती.