घाटावर

बावीस वर्षं फळ्यावर मी बालाघाट काढत आले,
एका दमात, तपकिरी खडूनं,
वायव्येकडून आग्नेयेकडं सरकणारा केसाळ सुरवंट.
मुलं वहीत उतरवून घ्यायची.
कुणाचा सुरवंट गोदावरीत पडायचा,
कुणाचा थेट हैदराबादेत निघायचा.
लाल पेनानं मी त्यांना जागेवर आणायची.

माजलगावातून तो रोज दिसायचा दक्षिणेला,
निळसर, बसक्या भिंतीसारखा.
पायांनी कधी पाहिला नव्हता.
एसटीतून गेले असेन,
उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर हात ठेवून, डोळे मिटून;
वळणांवर मळमळतं मला.

यंदा आश्विन सरताना धारूरच्या अलीकडं उतरले.
सोबत कोंडाबाई, डोक्यावर रिकामं डालगं.
"डोंगर कुठून सुरू होतो?"
मी विचारलं, वर्गात विचारावं तसं.
ती हसली.
"कोण्या अंगानं आलाव, त्याच्यावर हाय.
खालून आलं की डोंगर.
वरून आलं की मपलं रान, ज्वारी, बाभळी,
आन् मग एकदम काहीच न्हाई."

खरंच.
पाठीमागं सपाट शिवार, दोन बोटं वर आलेली ज्वारी,
कुणाचा तरी ट्रॅक्टर.
पुढं पाच पावलं, आणि जमीन संपलेली.
रांग, असं शिकवत होते मी.
रांगेत उभं राहतात.
ही तर बसली होती कड्यावर
पाय खाली सोडून.

उतरलो. कुसळं साडीच्या काठाला.
आंबदरा, ज्यात एक आंबा नाही.
वाघदरा, ज्यात तरसाची शिट,
वाळून चुन्यासारखी पांढरी.
तिसऱ्या दऱ्याचं नाव तिनं आधी सांगेना;
मग इकडंतिकडं बघून कानात सांगितलं,
आणि मी अशी हसले
की धावड्याखालचं तित्तर भुर्रकन उठलं.
ते नाव इथं लिहीत नाही.

एका कपारीत, दोन काळ्या थरांच्या मधे,
वीतभर गेरूचा पट्टा.
एक लाव्हा निवला आणि दुसरा यायचा होता,
त्या मधल्या वेळात
इथं माती झाली होती, पाऊस पडून गेले होते.
हा धडा दोन गुणांचा.
मी तो नेहमी घाईनं संपवलाय, मार्च जवळ आलेला असतो.
कोंडाबाईनं नखानं खरवडून पाहिलं:
"चुलीला बरी हाय."

ती फळं हातानं चाचपायची.
डोळे उघडलेली तेवढी तोडायची,
मिटलेल्यांना बोट लावून पुढं.
मधेच थांबून तिनं उत्तरेला दाखवलं,
धरणाचं पाणी, पत्र्यासारखं चकाकणारं.
"तिथं मपलं माहेर."
काठावर?
"न्हाई. खाली."

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मला वाटलं, म्हणूनच येत असेल ही इथवर,
उंचावरून ते पाणी बघायला.
विचारलंसुद्धा.
"फळं हितं लागत्यात म्हणून येते," ती म्हणाली,
आणि डालगं उचलायला मला हात लावायला लावला.
जड होतं. माझी मान कळ देऊन गेली.

जाताना तिनं सात सीताफळं दिली, मिटलेली.
"गंगथडीला लई ऊब. परवा उघडतील."

सोमवारी, सातवी ब.
रेघ ओढली एका दमात,
आणि केस काढताना हात अडला.
उत्तरेच्या बाजूला काढले.
दक्षिणेची तशीच ठेवली, गुळगुळीत.
पहिल्या बाकावरून शिरीन म्हणाली,
"बाई, अर्धाच सुरवंट?"
आणि मागून कुणीतरी,
"परीक्षेत असाच काढायचा का?"

खडू हातात. बाहेर दक्षिणेला तो,
निळसर, बसका.
मी म्हटलं, थांबा जरा.